वत्सगुल्म ते समुद्र : शिडाच्या जहाजाची गोष्ट

वाशिम जिल्हा समुद्रापासून किती लांब आहे, हे नकाशावर बोट ठेवून पाहावं. पश्चिमेला मुंबई पाचशे किलोमीटरच्या आसपास आणि पूर्वेचा किनारा त्याहून लांब. तरी आपल्या पठारावर पडणारं पाणी दोन्ही समुद्रांना जाऊन मिळतं. उत्तरेच्या उतारावरचं पाणी काटेपूर्णा पूर्णेला देते, पूर्णा ते तापीला देते आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. दक्षिणेकडचं पाणी पैनगंगा, वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी असा लांबचा प्रवास करून बंगालच्या उपसागरात उतरतं. एकाच पावसाचे दोन थेंब शेजारी-शेजारी पडतात आणि दोन वेगळ्या समुद्रांना पोचतात. असे जिल्हे महाराष्ट्रात थोडेच आहेत.

पाण्याला जमतं ते आता माणसांनाही सोपं झालं आहे. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला. तो आपल्या जिल्ह्यातून, शेलूबाजार आणि कारंजा भागातून जातो. पहाटे निघालं तर संध्याकाळी समुद्र दिसतो. मे महिन्यात पारा ४२ च्या वर गेला की इथली कितीतरी कुटुंबं कोकणाची नाहीतर गोव्याची वाट धरतात. लेकरं वाळूत खेळतात, पाय भिजवतात, मोटरबोटीची दहा मिनिटांची फेरी होते, फोटो निघतात आणि घरी परततात. समुद्र पाहिला एवढं समाधान पदरी पडतं.

माझं म्हणणं एवढंच की एकदा शिडावर जावं. इंजिन बंद असलेल्या, फक्त वाऱ्यावर चालणाऱ्या नौकेत दोन तास बसावं. वाशिमच्या माणसाला ती परकी वाटणार नाही. वाऱ्याची वाट पाहणं आपल्याला ठाऊक आहे, शिडाचं कापड ज्या कापसाचं असायचं तो आपल्या वावरात पिकतो, आणि भारतातल्या जुन्या जहाजांचं एक प्रसिद्ध चित्र ज्या काळात घडलं, त्या काळात राजधानी आपल्याच गावात होती. या तिन्ही गोष्टी पुढे येतीलच. आधी ते जहाज नीट समजून घेऊ.

स्कूनर म्हणजे काय

शिडाच्या जहाजांची दोन मोठी घराणी आहेत. एका घराण्यात चौकोनी शिडं डोलकाठीला आडव्या बांधलेल्या लाकडांवरून लोंबतात. ती जहाजाच्या रुंदीला समांतर असतात. इतिहासाच्या पुस्तकात वास्को द गामाची जहाजं आपण पाहतो, ती बहुतेक या घराण्यातली. वारा पाठीमागून आला की ही शिडं पोट फुगवून जहाज जोरात ढकलतात. मात्र त्यांची दिशा बदलायची तर खलाशांना डोलकाठीवर चढावं लागतं, आणि त्यासाठी माणसंही भरपूर लागतात.

दुसऱ्या घराण्यात शिडं जहाजाच्या लांबीला समांतर असतात, नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, मागे पसरलेली. शिडाची पुढची कड डोलकाठीला धरलेली असते आणि मागची कड दाराच्या फळीसारखी डावी-उजवीकडे फिरते. स्कूनर या घराण्यातली. तिला दोन किंवा अधिक डोलकाठ्या असतात आणि दोन डोलकाठ्यांच्या स्कूनरमध्ये पुढची सहसा मागचीपेक्षा आखूड असते. अठराव्या शतकात उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हा प्रकार जोमानं वाढला. कारण हिशेबाचं होतं. शिडं खालून, फळीवर उभं राहूनच हाताळता येतात, म्हणून मोजक्या माणसांत जहाज चालतं. मासे, लाकूड, विटा, चुना, दगड असा माल किनाऱ्या-किनाऱ्यानं न्यायला ती सोयीची पडली. पुढे हा प्रकार इतका मोठा होत गेला की १९०२ मध्ये 'थॉमस डब्ल्यू. लॉसन' नावाची सात डोलकाठ्यांची स्कूनर पाण्यात उतरली.

जहाजाचा वेग नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे तासाला १.८५२ किलोमीटर. चांगल्या वाऱ्यात स्कूनर आठ-दहा नॉटनं जाते, म्हणजे आपल्याकडची सायकल चालेल त्या वेगानं. समुद्रावर मात्र हा वेग मोठा वाटतो. फळी पायाखाली कललेली असते, दोर ताणलेले असतात आणि आवाज फक्त पाण्याचा आणि कापडाचा येतो.

वाऱ्याच्या तोंडाला कसं जायचं

पाठचा वारा जहाजाला ढकलतो हे लहान मुलालाही कळतं. पण ज्या बाजूनं वारा येतो त्याच बाजूला जायचं असेल तर? शिडाची खरी करामत इथं दिसते, म्हणून थोडं थांबू.

टरबुजाची ओली बी अंगठा आणि तर्जनीत धरून दाबा. दाब दोन्ही बाजूंनी आडवा आहे, पण बी पुढे सटकते. जहाजाचंही तसंच होतं. वारा तिरका येऊन शिडावरून वाहतो. फुगलेलं शीड पक्ष्याच्या पंखासारखं वाकलेलं असतं. त्याच्या बाहेरच्या, फुगीर बाजूनं हवा जोरात जाते आणि तिथला दाब कमी होतो. आतल्या बाजूला दाब जास्त राहतो. त्यामुळे शीड एका बाजूला ओढलं जातं. ही ओढ बरीचशी आडवी आणि थोडी पुढच्या दिशेची असते. जहाज नुसतं पाण्यावर तरंगत असतं तर ते आडवं वाहून गेलं असतं. पण त्याच्या पोटाखाली खोल गेलेला कणा असतो, आणि तो पाण्याला धरून ठेवतो. आपल्या नांगराचा फाळ जमिनीत रुतला की नांगर बाजूला घसरत नाही, तासातच पुढे जातो. इथंही तसंच. वारा एका बाजूनं दाबतो, पाणी दुसऱ्या बाजूनं अडवतं, आणि त्या चिमटीतून जहाज टरबुजाच्या बीसारखं पुढे निघतं.

अगदी वाऱ्याच्या तोंडाला सरळ मात्र कोणतंही शीड जाऊ शकत नाही. साधारण ४५ अंशांच्या कोनापर्यंत जाता येतं, त्याहून जवळ गेलं की शीड फडफडायला लागतं आणि ओढ संपते. म्हणून जहाज नागमोडी जातं. काही वेळ वारा डाव्या गालावर घ्यायचा, मग नाळ फिरवून उजव्या गालावर. घाट चढणारी बैलगाडी सरळ चढावर न जाता वळणं घेत वर जाते, तसंच हे. रस्ता लांबतो, पण माथ्यावर पोचता येतं.

नौका चालवणाऱ्या तांडेलाचं सगळं लक्ष दोन गोष्टींवर असतं. एक सुकाणू आणि दुसरा शिडाचा दोर. शिडाचा दोर म्हणजे बैलाचा कासराच. जास्त ताणला तर जहाज कलतं आणि वेग मरतो. ढिला सोडला तर शीड फडफडतं. बैलजोडी हाकणाऱ्याला कासरा किती ओढायचा आणि किती सोडायचा हे हातालाच कळतं. तांडेलाच्या हातालाही तसंच कळतं.

आणि वाऱ्याची वाट पाहणं. माझ्या लहानपणी आमच्या खळ्यावर उपणणी चालायची ती मला अजून आठवते. आजोबा तिव्यावर चढायचे, हातात भरलेलं सूप असायचं, आणि ते सोडायचे नाहीत. उन्हात तसेच उभे राहायचे. मग पिंपळाची पानं हलायची, अंगावरचा घाम गार लागायचा, आणि त्याच क्षणी सूप तिरकं व्हायचं. दाणे पायाशी आणि भुसा लांब. वारा पडला की हात थांबायचा. शिडावर बसलेला खलाशी हेच करतो. पाण्यावर लांब काळपट सुरकुती सरकत येताना दिसली की त्याला कळतं, वाऱ्याची झुळूक येते आहे. तो दोर हातात घेऊन तयार असतो.

जिथे पाहुणे दोर ओढतात

स्कूनरवर सुट्टी घालवण्याची रीत जिथे खऱ्या अर्थानं रुजली, ते ठिकाण म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य टोकाचं मेन राज्य. हजारो बेटांचा, खाचाखोचांचा तो किनारा. विसाव्या शतकात ट्रक आणि आगगाड्यांनी किनाऱ्याची मालवाहतूक घेतली आणि जुन्या स्कूनर बंदरात कुजायला लागल्या. १९३६ मध्ये फ्रँक स्विफ्ट नावाच्या कप्तानानं कॅमडेन गावातून एका जुन्या स्कूनरवर प्रवाशांना आठवड्याच्या सफरीवर न्यायला सुरुवात केली. माल गेला आणि त्याच्या जागी पाहुणे आले. त्या एका कल्पनेमुळे कितीतरी लाकडी जहाजं वाचली. १८७१ साली बांधलेल्या 'लुईस आर. फ्रेंच' आणि 'स्टीफन टेबर' या दोन स्कूनर आजही पाहुण्यांना घेऊन समुद्रात जातात. अमेरिकेनं त्यांना राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाचा दर्जा दिला आहे. 'लुईस आर. फ्रेंच'मध्ये इंजिनच नाही. वारा अगदी पडला तर सोबतची छोटी मोटरहोडी मागून तिला ढकलते.

या सफरीत पाहुणा गादीवर बसून राहत नाही. सकाळी शीड चढवायचं असतं. मोठ्या शिडाच्या वरच्या कडेला एक जड लाकूड असतं. त्याचं डोलकाठीकडचं टोक एका दोरानं आणि बाहेरचं टोक दुसऱ्या दोरानं वर जातं. पाहुण्यांच्या दोन रांगा होतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही टोकं बरोबरीनं वर गेली पाहिजेत, नाहीतर लाकूड अडकतं. म्हणून खलाशी ताल धरतो आणि त्या तालावर सगळे एकदम ओढतात. वकील, शिक्षक, आजी, नातू, सगळ्यांचे हात एकाच दोरावर. शेवटचे काही हात फार जड जातात. शीड पूर्ण चढलं, दोर खुंट्याला आवळला, की जहाज हळूच एका अंगावर कलतं आणि चालायला लागतं.

कुठे जायचं हे आधी ठरलेलं नसतं. वारा आणि भरती-ओहोटी पाहून कप्तान त्या दिवसाचं ठरवतो. संध्याकाळी एखाद्या बेटाच्या आडोशाला नांगर टाकतात. मराठीत नांगर हा शब्द शेतकऱ्याचाही आहे आणि खलाशाचाही. दोन्ही नांगर जमिनीत रुततात. लाकडाच्या चुलीवर स्वयंपाक होतो, जहाजावरचा दिवस तिथंच संपतो.

मेनचा हंगाम साधारण मेअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत असतो. जुलै म्हणजे तिथली ऐन सुट्टी. आपल्या किनाऱ्यावर नेमकं उलट आहे. इथं जुलै म्हणजे समुद्राला हात न लावण्याचा महिना. शिडाची सुट्टी आपल्याकडे घ्यायची तर ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत.

कापसाचा धागा

आता शिडाच्या कापडाकडे वळू, कारण इथं वऱ्हाड येतं.

१८५१ मध्ये इंग्लंडच्या आईल ऑफ वाइट बेटाभोवती नौकांची शर्यत झाली. तारीख २२ ऑगस्ट. इंग्रजांच्या उत्तमोत्तम नौकांसमोर न्यूयॉर्कहून आलेली एक स्कूनर होती, तिचं नाव 'अमेरिका'. ती जिंकली. आजही जगातली सर्वांत प्रतिष्ठेची नौकाशर्यत 'अमेरिकाज कप' याच स्कूनरच्या नावानं चालते. तिच्या विजयामागे जहाजाचा आकार होता, तसंच शिडाचं कापडही होतं. इंग्रज नौकांची शिडं जवसाच्या झाडाच्या धाग्याची, म्हणजे लिननची असत. ती सैल होती, त्यातून वारा गळायचा, म्हणून खलाशी त्यावर पाणी मारून विण घट्ट करत. 'अमेरिका'ची शिडं यंत्रावर घट्ट विणलेल्या सुती कापडाची होती. ती सपाट आणि ताठ राहिली, आणि वाऱ्याच्या तोंडाला जास्त जवळ जाता आलं. त्यानंतर इंग्रजांनीही शर्यतीच्या नौकांना सुती शिडं लावायला सुरुवात केली.

आपल्याकडे शिडं बहुतेक सुतीच होती. मुंबईच्या डोंगरी भागाच्या नावावरून ओळखलं जाणारं डोंगरी हे जाडंभरडं सुती कापड शिडं आणि तंबू यांसाठी वापरलं जाई. पुढे याच नावावरून इंग्रजीत 'डंगरी' शब्द गेला आणि आज तो साऱ्या जगात कामगारांच्या कपड्यांसाठी वापरतात.

वऱ्हाड कापसाचा प्रदेश. १८५३ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस बंद पडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानकडे, त्यात वऱ्हाडाकडेही, तोंड वळवलं. आपल्या भागातला कापूस बैलगाड्यांवरून आगगाडीच्या रुळांपर्यंत, तिथून मुंबईच्या बंदरात आणि तिथून जहाजांवरून लिव्हरपूलला जायचा. सुएझ कालवा १७ नोव्हेंबर १८६९ ला खुला झाला. त्याआधी हा सगळा प्रवास आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून व्हायचा आणि तोही बहुतेक शिडाच्या जहाजांवर. काही जहाजांचं शीडही कापसाचं आणि पोटातला मालही कापूस. मंगरुळपीर, कारंजा, मानोऱ्याच्या वावरातलं ते बोंड वेचणाऱ्या बायकांना आपल्या हातून गेलेला धागा केप ऑफ गुड होप ओलांडतो, हे ठाऊक नव्हतं. आज शिडं बहुतेक पॉलिएस्टरची असतात.

आपली जहाजं

स्कूनर म्हणजे लांबीला समांतर शिडं आणि कमी माणसं. आपल्या किनाऱ्यावरची शिडंही याच घराण्यातली, फक्त आकार वेगळा. डोलकाठीला तिरकं लांब लाकूड बांधलेलं असतं, त्याला परबाण म्हणतात. त्यावरून त्रिकोणी शीड लोंबतं. परबाणाचं पुढचं टोक खाली, मागचं आभाळात. लांबून ते भरारी घेतलेल्या पाखराच्या पंखासारखं दिसतं.

मराठ्यांच्या आरमारात गुराब आणि गलबत ही मुख्य जहाजं होती. गुराबला दोन किंवा तीन डोलकाठ्या असत आणि नाळेच्या दिशेनं तोफा. गलबत हलकं, चपळ, शिडं आणि चाळीस-पन्नास वल्ही असलेलं. ही जहाजं उथळ खाड्यांत शिरू शकत, तिथं परदेशी मोठी जहाजं जाऊ शकत नसत. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ ला मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं. पुढे कान्होजी आंग्रे यांनी ४ जुलै १७२९ ला मृत्यू येईपर्यंत याच जहाजांच्या बळावर कोकण किनाऱ्यावर हुकमत गाजवली. आज सिंधुदुर्ग पाहायला जाल तेव्हा तटावर उभं राहून पश्चिमेकडे पाहा. इथून शिडं सुटायची.

किनाऱ्यावरचा माणूस वर्षानुवर्षं दोन वाऱ्यांच्या भरवशावर जगला. शाळेच्या भूगोलात आपण ते शिकलो, खारे वारे आणि मतलई वारे. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते, आणि दुपारनंतर समुद्रावरून गार वारा आत येतो. तो खारा वारा. रात्री जमीन लवकर थंड होते, समुद्र उबदार राहतो, आणि पहाटेपर्यंत जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहतो. तो मतलई वारा. मासेमारीचे मचवे पहाटे मतलईवर बाहेर पडत आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत येत. आपल्या वाशिमला हे दोन वारे नाहीत, कारण समुद्र इतका लांब की त्याचा श्वास इथपर्यंत पोचत नाही. पुस्तकात पाठ केलेली ही ओळ अंगावर अनुभवायची तर किनाऱ्यावर एक पूर्ण दिवस काढावा लागतो.

इंजिनानं पुढे सगळं बदललं. भाऊच्या धक्क्यावरून निघणाऱ्या आगबोटींनी कित्येक पिढ्या मुंबईच्या चाकरमान्यांना कोकणात नेलं. त्या प्रवासातली एक तारीख विसरून चालत नाही. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट मुंबईहून रेवसकडे निघाली आणि वाटेत बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. जुलै होता, वारा आणि लाटा होत्या. आज १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, आणि कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून हंगामाची सुरुवात करतात. त्यामागे अनुभवानं आलेलं शहाणपण आहे.

अजिंठ्याच्या भिंतीवरचं जहाज

अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात एका भिंतीवर पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा रंगवली आहे. तो शूर्पारकचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा. त्या चित्रात तीन डोलकाठ्यांचं जहाज आहे. उंच शिडं आहेत आणि मागच्या बाजूला मोठे रांजण मांडले आहेत. समुद्रात गोडं पाणी मिळत नाही, हे त्या चित्रकाराला नीट माहीत होतं.

अजिंठ्याच्या त्या वैभवाच्या काळात राज्य होतं वाकाटकांचं. सोळाव्या लेण्यातल्या शिलालेखात वाकाटक राजा हरिषेणाचं नाव आहे. ते लेणं त्याचा मंत्री वराहदेव यानं खोदवलं. हरिषेण वाकाटकांच्या ज्या शाखेचा, तिची राजधानी वत्सगुल्म. वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशिम. समुद्रापासून पाचशे किलोमीटरवरच्या या गावातून ज्या राज्याचा कारभार चालला, त्याच्या लेण्यांत शिडाचं जहाज रंगवलं गेलं.

दीड हजार वर्षांनी ते चित्र भिंतीवरून पाण्यात उतरलं. अजिंठ्याच्या चित्रावरून भारतीय नौदलासाठी गोव्यात दिवाडी बेटावर एक जहाज बांधलं गेलं, त्याचं नाव 'कौंडिण्य'. लोखंडाचा खिळा न मारता त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवल्या आहेत. केरळातल्या शिवणकाम करणाऱ्या कारागिरांनी बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखाली ते घडवलं. २१ मे २०२५ ला ते कारवारला नौदलात दाखल झालं आणि डिसेंबर २०२५ अखेरीस पोरबंदरहून निघून जानेवारीत मस्कतला पोचलं. त्याची शिडं चौकोनी आहेत, सुकाणू म्हणून मोठी वल्ही आहेत.

त्याच दिवाडी बेटावर 'म्हादेई' नावाची शिडाची नौकाही बांधली गेली. तिच्यावर एकटं राहून कमांडर दिलीप दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली. एकट्यानं शिडावर पृथ्वी फिरणारे ते पहिले भारतीय. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी तीच प्रदक्षिणा कुठेही न थांबता पूर्ण केली. २०२४-२५ मध्ये लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी मिळून 'तारिणी' नौकेवर पृथ्वीप्रदक्षिणा केली. गोवा शिपयार्डनं बांधलेल्या 'तरंगिणी' या तीन डोलकाठ्यांच्या जहाजावर नौदलाचे तरुण अधिकारी १९९७ पासून शिडाचं शिक्षण घेत आहेत. इंजिनं, उपग्रह, रडार सगळं हाताशी असताना नौदल तरुणांना आधी शिडावर पाठवतं. कारण दोरानं वारा ओळखायला शिकलेला माणूस समुद्राशी उद्धटपणे वागत नाही.

या सुट्टीत

मुंबईत गेटवेजवळ आणि मांडव्याच्या बाजूला शिडाच्या छोट्या नौकांवर पैसे देऊन फेरी करता येते. गोव्यातही सोय आहे. मोठ्या स्कूनरची आठवड्याची सफर इथं मिळत नाही, पण शीड समजायला छोटी नौकाच जास्त चांगली. ती लगेच कलते, लगेच फिरते आणि लगेच सांगते की तुमचा दोर चुकला.

जायचं तर मेच्या मध्याआधी जा. दुपारी तीननंतरची वेळ घ्या, खारा वारा तेव्हा जोमात असतो. नौका चालवणाऱ्याकडे परवाना आहे का, प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का आणि ते अंगावर नीट बांधलं आहे का, हे पाहिल्याशिवाय चढू नका. नौकेत क्षमतेपेक्षा जास्त माणसं नाहीत ना, हेही मोजून पाहा. पोट भरून नका जाऊ आणि रिकाम्या पोटीही नका जाऊ. मळमळ वाटली तर नौकेच्या मधोमध बसा, मोबाइल खाली ठेवा आणि नजर क्षितिजावर ठेवा. आलेपाकाची वडी जवळ असू द्या.

आणि तांडेलाला एक विनंती करा, 'दादा, दोन मिनिटं लेकराच्या हातात दोर द्या.' चांगला तांडेल देईल. त्या दोन मिनिटांत पोराला वारा हातानं कळतो. कासरा धरल्यासारखा तो ओढतो, सैल सोडतो, पुन्हा ओढतो. शीड फडफडायचं थांबून ताठ होतं, आणि नौका कलून पुढे निघते. भूगोलाच्या पुस्तकातले खारे वारे, विज्ञानाच्या पुस्तकातला दाब, इतिहासातलं आरमार, सगळं त्या एका दोरात येतं.

परतीच्या वाटेवर समृद्धीनं शेलूबाजारला उतराल तेव्हा दोन्ही बाजूला वावरं दिसतील. नांगरट झालेली, पावसाची वाट पाहणारी. जून लागला की त्यातल्या कितीतरी वावरांत कापूस पेरला जाईल. तेव्हा लेकराला सांगा, याच बोंडाच्या कापडानं एकेकाळी जहाजं चालली.